लोकरच होती ती

दौंड,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

प्रिय म्हाळू,

जय भीम, आणि तुझ्याकडचं येळकोट.

तर ती लोकरच होती. तू बरोबर होतास, मी चूक. जुलैत तुझ्या विहिरीवर आपण ती हिरव्या बाटलीतली हायलँड व्हिस्की उघडली होती, आठवतंय? तू फ्लास्कमध्ये नाक घालून म्हणालास, "मेंढरू पावसात भिजल्यावर मारतं तसला वास हाय." मी इतका हसलो की हातातला पिपेट पडून फुटला. मी म्हणलं, येडा आहेस का, हे हेदरचं फूल आहे, हनी आहे, मागं थोडं व्हॅनिला आहे. तू परत एकदा हुंगलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "बरं, तू म्हंतोस तर."

काल एका स्कॉटिश म्हाताऱ्याचा व्हिडिओ बघितला. चाळीस वर्षं याच धंद्यात. बाटली तीच, बारा वर्षांची. त्यानं ग्लास नाकाला लावला आणि पहिलाच शब्द काढला, "वेट वूल." ओली लोकर! मी पॉज करून तीनदा ऐकलं. त्याला ते शिकायला चाळीस वर्षं लागली आणि तू पहिल्याच हुंगण्यात सांगितलंस. हे सांगायला तुला लगेच फोन केला तर स्विच्ड ऑफ.

म्हणून पत्र. हसू नको. मला माहितीय माझं मराठी अक्षर चौथीतल्यासारखं आहे. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास आठवड्यातून तीनदा, तोही पीटीच्या सरांकडं. तुला वाचता येईना तर सुषमा वहिनींकडून वाचून घे. नाही, नको, तूच वाच.

खांदा कसा आहे? टाके काढले का? मनगटाचं प्लास्टर कधी निघणार? वहिनींच्या फोनवर दोनदा केला. सकाळी अकराला केला तर "झोपलेत" म्हणाल्या, संध्याकाळी सहाला केला तरी "झोपलेत." तू एवढा झोपणारा माणूस नाहीस.

प्लँटमध्ये सगळं तसंच. ड्रायरच्या प्लॅटफॉर्मला रेलिंग लावली. पिवळी. तू पडलास त्याच्या चौथ्या दिवशी. तुझ्या जागी ओडिशाचा एक जण आलाय, तो शिडी चढताना रोज रेलिंगला हात लावून नमस्कार करतो. त्याला कुणीतरी सांगितलंय इथं काय झालं ते.

चौकशी पंधरा फेब्रुवारीला आहे, शनिवारी. आपल्या सुपरवायझर हौसराव भाऊंनी मला एक टाइप केलेला कागद दिलाय, साक्षीदार म्हणून सही करायला. त्यात लिहिलंय की ऑपरेटरनं क्लिअरन्स न घेता ड्रायर उघडला आणि मास्क काढला. सही झाली की तुझा गेट पास कायमचा बंद, आणि उपचाराच्या खर्चाला कंत्राटदार हात वर करणार. कागद माझ्या बॅगेत आहे. सही केलेली नाही. त्याचं मी बघतो. तू त्याचा विचार करू नको.

दुसरं सांगतो. नवीन बाटली आणली! स्पेसाइड, आपल्या बजेटमधलीच. दुकानदार म्हणाला, साहेब, एवढ्यात ब्लेंडेड दोन येतील. मी त्याला पुन्हा समजावलं की सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, नुसत्या बार्लीची. तो म्हणाला, "मग दोनवाली घ्या ना." याचंही नाव ग्लेननं सुरू होतं. तू असतास तर म्हणाला असतास, समदी ग्लेन ग्लेन, भावकी दिसतीय. नोट्स लिहून पाठवतो. नोज: हिरवं सफरचंद, नाशपाती, ताजी कापलेली लाकडं. पॅलेट: मध, थोडं जायफळ. फिनिश: मध्यम, गोडसर, शेवटी ओक. एकदम छान, बॅलन्स्ड. तुला आवडेल.

आज काही सुधरत नाही. हे एवढं लिहायला चारदा उठलो. गच्चीवर जाऊन आलो, स्टेशनपर्यंत जाऊन आलो, परत बसलो. आत्ता आई ओरडत आली. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं जळालं, भिंतीपर्यंत काळं झालं, आणि मी दोन फुटांवर बसून तुला लिहितोय. "अरे, तुला वास नाही आला?" म्हणाली. म्हणलं, लिहिण्यात होतो.

येतो मी गुरुवारी. पुढच्या गुरुवारी नक्की. सुट्टीच आहे. काय आणू?

तुझ्या आबांना सांग मी विचारलंय म्हणून.

तुझा
सम्राट


दौंड,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

म्हाळू,

वरचं पत्र मी टाकलंच नाही. दोन आठवडे बॅगेत त्या टाइप केलेल्या कागदाला चिकटून पडलं होतं. फाडून टाकणार होतो. पण दोन्ही एकत्र पाठवतोय, म्हणजे मी कसा टाळत होतो ते तुला दिसेल.

त्या नवीन बाटलीचं जे लिहिलंय, सफरचंद, नाशपाती, जायफळ, ते सगळं खोक्यावर छापलेलं आहे. मी बघून उतरवलं. मला त्यात काहीच आलं नाही. जिभेला चटका बसला, घशात गरम गेलं, बस. गरम पाण्यात तिखट टाकल्यासारखं.

म्हाळू, मला नोव्हेंबरपासून कसलाच वास येत नाही.

लिहिलं एकदाचं. आत्ता उठून पाणी पिऊन आलो.

दिवाळीनंतर तो ताप आला होता बघ, पाच दिवस. ताप गेला आणि नाक घेऊन गेला. पहिल्यांदा वाटलं सर्दी आहे. मग वाटलं महिनाभरात येईल. सकाळी उठल्या उठल्या मी साबण हुंगायचो. मग कॉफीची बरणी. मग बाथरूममधलं फिनेल. काही नाही. काच हुंगल्यासारखं. डिसेंबरात आपण विहिरीवर बसलो तेव्हा मी फ्लास्कमध्ये नाक घालायचो आणि डोळे तुझ्या तोंडावर ठेवायचो. तू भुवया वर केल्यास की मी म्हणायचो, "इंटरेस्टिंग." तू ओठ चाटलेस की मी म्हणायचो, "स्वीट आहे, नाही?" तुला वाटायचं मी तुला शिकवतोय.

आणि खरं सांगू? ताप यायच्या आधीही फार वेगळं नव्हतं. माझ्याकडं शब्द होते. नाक तुझ्याकडं होतं. त्या आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीच्या वेळी आबा मोटारीचं बटण दाबायला आले होते. तू त्यांच्यापुढं फ्लास्क धरलास. त्यांनी लांबूनच हुंगलं आणि म्हणाले, "ह्यो माझ्या घोंगड्याचा वास हाय. तळावर जाळ इझला की दुसऱ्या दिशी असा येतो. न्या तिकडं, मी पीत न्हाई." मी बारा व्हिडिओ बघून 'पीट स्मोक' पाठ केलं होतं, आणि आबांनी एका वाक्यात पूर्ण बाटली सांगितली. मी ते वहीत लिहून घेतलं. खाली आबांचं नाव लिहिलं नाही. प्लँटमध्ये जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, तर लोक म्हणाले, काय नाक आहे राव सम्राटचं!

तिथूनच ते नाक लावायचं माझ्याकडं आलं. तुला माहितीयच, पण मला हे एकदा सगळं लिहून काढायचंय, नाहीतर मी परत मधलं काहीतरी गाळीन. नियम असा की ड्रायरमधला केक, म्हणजे औषधाचा ओला लगदा, सुकला की सॅम्पल लॅबला द्यायचं, रिपोर्ट आला की मगच झाकण उघडायचं. रिपोर्टला दीड तास. आणि आपल्याकडं सगळे काय करतात? सॅम्पल पोर्ट बोटभर उघडायचा, नाक लावायचं, टोल्युइनचा, त्या थिनरसारख्या सॉल्व्हंटचा, वास नसेल तर उघडायचं आणि रिपोर्ट मागनं फाइलला लावायचा. आधी हौसराव भाऊ स्वतः लावायचे. मग म्हणाले, आपला सम्राट आहे की, दारूतली सफरचंदं ओळखतो, त्याला टोल्युइन ओळखायला काय झालं! एकदा मोठ्या साहेबांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सर, हे आमचं चालतंबोलतं मशीन." मार्चमध्ये मी कन्फर्म होणार होतो. क्यूसीत, माल तपासायच्या खात्यात, माझ्यासारखे सात जण आहेत. सातात मी 'नाकवाला' होतो.

मग मी कसं सांगणार होतो की मशीन बंद आहे?

नोव्हेंबर ते जानेवारी मी अंदाजानं ओके दिलं. किती तास सुकलं ते बघायचं, तापमान बघायचं, नाक लावल्याचं नाटक करायचं, दोन सेकंद डोळे मिटायचे. प्रत्येक बॅच बरोबर निघाली. मला वाटायला लागलं की नाकाची गरजच नव्हती कधी.

एकवीस जानेवारी. फर्स्ट शिफ्ट, साडेदहा वाजलेले. तुला सगळं माहितीय पण माझ्या बाजूनं वाच. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती, हौसराव भाऊ खालून ओरडत होते, "सम्राट, नाक लाव रे लवकर!" मी वर आलो. तू मास्क घालून उभा होतास. मी पोर्टला नाक लावलं. डोळे मिटले. काही नाही. म्हणजे नेहमीसारखंच काही नाही. मी म्हणलं, ओके. तू मास्क जरा बाजूला केलास, हुंगलंस आणि म्हणालास, "सम्राट, गोडसर मारतंय रं अजून. थिनरवानी."

आणि मी काय म्हणालो? आठवतंय ना तुला? मी म्हणालो, "ते फिनिश आहे, म्हाळू. जुन्या गास्केटमध्ये राहिलेलं. केक सुकलाय."

फिनिश. घोट गेल्यावर मागं रेंगाळते ती चव. टोल्युइनला मी फिनिश म्हणालो. विहिरीवर तू लोकर म्हणालास तेव्हा जसा बोललो होतो, तसाच आवाज काढून. तू हसलास. म्हणालास, "बरं, तू म्हंतोस तर." आणि मास्क गळ्यात ओढून झाकणाचे बोल्ट सोडायला लागलास. मी शिडी उतरत होतो. पाच-सात मिनिटं झाली असतील, मागं धाडकन आवाज आला.

वाफेनं भोवळ येऊन तू वरून सिमेंटवर पडला होतास आणि तुझ्या डोक्याखाली लाल होत होतं. सगळे नाकाला रुमाल लावून पळत होते. मी एकटाच रुमाल न लावता तुझ्याशेजारी बसलो. लोक नंतर म्हणाले, सम्राट बघा कसा दोस्तासाठी थांबला. म्हाळू, मला वास येतच नव्हता. त्यात शौर्य काही नव्हतं.

आता शिरूरचं. मागच्या गुरुवारी तुझ्याकडं येणार होतो ना? बसमध्ये बसलोही. पाटसला कारखान्याचं गाळप जोरात चालू आहे. माझ्या शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "काय बाई मळीचा वास!" लहानपणापासून हा वास आला की मी ओळखायचो पाटस आलं. आता उसाच्या ट्रॉल्या बघून ओळखलं. तुझ्या वरवंडला बस थांबली. दार उघडलं. मी उतरलो नाही. कंडक्टरला म्हणलं, चौफुला द्या. चौफुल्याला गाडी बदलून शिरूरला गेलो, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडं. दौंडमध्ये का नाही? दौंडमधले डॉक्टर आईच्या विहारातले, संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली नाकाखाली धरायला लागले. पहिली: मी म्हणलं, लवंग असावी. दुसरी: कॉफी. तिसऱ्याला मी थोडा थांबलो, आपल्या स्टाइलमध्ये, आणि म्हणलं, "कापूर. पण फार हलका, मागं कुठंतरी." डोळे उघडले तर त्यांनी बाटली उलटी धरली होती. रिकामी. धुतलेली. पहिलीत संत्र्याची साल होती आणि दुसरीत निलगिरी.

"तुम्ही माझ्याकडं तपासायला आलात की मला फसवायला?" म्हणाले. चिडले नाहीत. खरंच विचारत होते.

त्यांना सांगितलं. नाकाची नस तापानं गेलीय म्हणाले. सहा महिन्यांत येईल, वर्षात येईल, कदाचित नाहीच. चार वास ठरवून रोज दोनदा हुंगायचे, येवोत न येवोत. मग विचारलं, कामाला कुठं आहात? मी म्हणलं, कुरकुंभला, केमिकलमध्ये. त्यांनी पेन खाली ठेवलं.

परत येताना मी वरवंडला उतरलो. खरंच उतरलो. तुला आबांनी सांगितलं का माहीत नाही. स्टँडच्या पुढं बाभळीखाली ते दोन शेळ्या घेऊन बसले होते.

"आलास व्हय?" म्हणाले. "चल मग घरला. म्हाळू भिताडाकडं तोंड करून पडतुय नुसता."

"नंतर येतो आबा. तो माझ्यावर चिडलाय ना?"

"तुझ्यावर? तुझ्यावर कशापायी?" आबांनी शेळीचा कान धरून तिला जवळ ओढलं. "त्यो सोतावर चिडलाय. म्हंतो, सम्राटला वास आला न्हाई म्हंजी नव्हताच. माझंच नाक खोटं. मीच कायतरी पाय घसरून पडलो आन् कंपनीचा खोळंबा केला. फोन बी त्यानंच बंद करून ठिवलाय. सायेबाला काय तोंड दावू म्हंतो."

मी उभा होतो तिथंच खाली बसलो. आबा म्हणाले, "का रं, चक्कर आली का? उन्हाचं हाय." आणि त्यांनी त्यांची बाटली पुढं केली. मी त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायलो आणि त्यांना काही न सांगता पुढच्या बसनं निघून आलो. हे तर सगळ्यात वाईट. दोन आठवडे मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून फोन घेत नाहीस. मला ते चाललंही असतं. तू रागावलास म्हणजे तुला खरं माहितीय. पण तू तर माझ्यावर इतका विश्वास ठेवून बसलास की स्वतःच्या नाकाला खोटं ठरवलंस.

त्यानंतर चार दिवस झोप नाही, जेवणाला तर चव अशीही नाही. सोमवारी आईला सांगितलं. आधी म्हणलं, आई, मी व्हिस्की पितो. टेस्टिंग करतो.

"टेस्टिंग!" ती म्हणाली. "औषध कंपनीत आहेस म्हणून घरातही टेस्टिंग का?" मग म्हणाली, "मला दिवाळीनंतर कळलंय. आधी लवंगा खाऊन यायचास. नंतर लवंगा बंद झाल्या आणि अंगाला वास यायला लागला. मला वाटलं पोरगा निर्ढावला."

म्हणजे बघ. नाक गेल्यावर मला कळेचना की मला वास मारतोय.

मग बाकीचं सांगितलं. तुझं. ती भाजी निवडत होती, तिनं हात थांबवला. तुला माहितीय, आमच्याकडं दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात. पाचवं दारूचं. वर्षभर मी ते पाचवं म्हणताना खाली बघायचो, ओठ नुसते हलवायचो. आई म्हणाली, "पाचव्याला मान खाली घालायचास ते मी बघत होते. आणि चौथं मोठ्यानं म्हणायचास." चौथं म्हणजे खोटं न बोलणं. ती परत मेथी निवडायला लागली. माझं ताट वाढलं नाही. मीच वाढून घेतलं.

काल बुधवारी मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. दोन पानं. माझं नाक नोव्हेंबरपासून बंद आहे, मी सांगितलं नाही. ऑपरेटरला वास आला होता आणि त्यानं तो बोलून दाखवला होता. मी त्याला चूक ठरवलं. क्लिअरन्स तोंडी दिला, माझ्या सांगण्यावरून त्यानं मास्क उतरवला. आणि नाक लावायची पद्धत आपल्याकडं कशी चालते तेही. शिरूरच्या डॉक्टरांचा कागद जोडला. टाइप केलेला कागद सही न करता तसाच परत केला.

हौसराव भाऊंनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "तुझं तू लिही की, नाक लावायचं कशाला लिहिलंस? एकवीस वर्षं झाली मला इथं. पोरीचं लग्न ठरलंय." मी म्हणलं, भाऊ, ते काढलं तर म्हाळूनं झाकण का उघडलं ते कुणाला कळणारच नाही. त्यांनी खिडकीतून ड्रायरकडं बघितलं. मग म्हणाले, "वास मला बी आला व्हता रं खालपर्यंत. म्हणलं सम्राट वर हाय." शनिवारी ते हे बोलतील का, मला माहीत नाही.

मला आजपासून घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. मार्चचं कन्फर्मेशन आता विसरायचं. तुझ्या गेट पासबद्दल कंत्राटदार म्हणाला, फिटनेस आणा मग बघू. आधी 'नाही' म्हणत होता, आता 'बघू' म्हणतोय. एवढंच झालंय. सगळं नीट होईल असं मी लिहिणार नाही. मला माहीत नसलेलं पुन्हा माहीत असल्यासारखं सांगणार नाही.

माझ्या दोन पानांची झेरॉक्स आत आहे, वर ऑफिसच्या प्रांजल मॅडमनी मारलेला आवकचा शिक्का आहे. जपून ठेव. शनिवारी ते म्हणाले की असा काही कागद आलाच नाही, तर तुझ्याकडं असू दे. शक्य असेल तर तू स्वतः ये. तुला काय वास आला ते तुझ्या तोंडून सांग. मी सांगितलं तर ते परत माझेच शब्द होतील.

हे पाकीट आज दुपारी आबांच्या हातात देणार आहे. यावेळी सगळं सांगून. घरात येणार नाही, तू बोलावल्याशिवाय.

पाकिटात अजून एक आहे. लॅबच्या दुकानातून आणलेल्या दोन छोट्या बाटल्या, नव्या आहेत, बुचाच्या. एकीत जुलैतली हिरवी हायलँड, तळाशी उरलेली. दुसरीत ती नवीन स्पेसाइड. कुठली कुठं ते लिहिलेलं नाही. मीही विसरलोय, भरताना मुद्दाम डोळे मिटून अदलाबदल केली, आणि मला तर आता हुंगूनही सांगता येत नाही. पिऊ नको, तुझ्या गोळ्या चालू असतील. वहिनी ओरडतील ते वेगळं. नुसतं बूच काढ, दोन थेंब विहिरीचं पाणी टाक, आणि हुंग. खोक्यावर काय छापलंय ते विसर. मी काय म्हणालो होतो ते तर विसरच.

मी चार वासांत कापूर, लवंग, कॉफी घेतलेत. चौथा ठरवला नव्हता. काल आईच्या ट्रंकेतून जुनी घोंगडी काढली. रोज सकाळी तिच्यात तोंड खुपसून बसतो. अजून काही येत नाही.

मला आता कुणाचं तरी खरं ऐकायचंय, म्हाळू. सांग ना, दोन्हीपैकी लोकर कशात आहे?

तू म्हणशील ते लिहून घेणारा, आणि खाली तुझंच नाव टाकणारा,
सम्राट